मिस्त्रीचा शेरा

ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्या गावच्या मिस्त्रीला करता येत नाही ती वस्तू, तिची पावती आपल्या नावाने फाडलेली असली तरी, आपल्या मालकीची नसते, आपण तिचे फार तर वहिवाटदार असतो, असा एक सिद्धान्त, उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरात आणि शिल्लक हयात रानवाटांवर सायकल हाकण्यात खर्च करून, मी निश्चित केला आहे. हा सिद्धान्त गुडघे, भ्रमणध्वनी आणि जावई यांनाही कमीअधिक प्रमाणात लागू पडतो. परंतु त्याचे मूळ प्रयोगक्षेत्र सायकल हेच असल्यामुळे प्रथम तिचाच पंचनामा करणे युक्त होईल.

सायकल घेण्यापूर्वी भूमी पाहावी, हा कोणत्याही सूचिपत्रात न छापलेला पहिला नियम होय. आमच्या पारशिवनी तालुक्याची मांडणी अशी की, दक्षिणेस कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणी, मध्ये पेंचच्या कालव्यावर पोसलेल्या धानाच्या बांध्या, आणि उत्तरेस, ज्या जलाशयाचे पाणी नागपूरकर आपलेच समजून पितात त्या नवेगाव खैरीच्या जलाशयावरून कोलितमाऱ्याच्या दिशेने निघाले, की सातपुड्याच्या पायथ्याचे सागवान. त्यापुढे व्याघ्र प्रकल्प. तेथे परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही, आणि वाघ सायकलीचे चाक साडेसत्तावीस इंचांचे की एकोणतीस इंचांचे याची चौकशी करीत नसल्यामुळे मी ती परवानगी मागतही नाही. माझे राज्य खाणी आणि व्याघ्र प्रकल्प या दोहोंच्या मधले. कालव्याच्या पाळी, पांदण रस्ते, आणि पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात ज्याची 'झुडपी जंगल' म्हणून नोंद आहे ती खुरटी, खडकाळ, गुरांनी तुडवलेली जमीन. ही जमीन वन की वनेतर, यावर शासन, रयत आणि न्यायालये यांनी दशकानुदशके कागद काळे केले. अखेर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वनच आहे असा निर्णय दिला. त्या वादाच्या संचिका एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोहोचवण्यात माझेही आयुष्य गेले आहे. परंतु त्या जमिनीवरून सायकल नेल्याखेरीज ती नेमकी काय आहे हे मला समजले नव्हते. ती मुख्यत्वेकरून काटे आहे.

या प्रदेशात वाघाची कीर्ती मोठी असली तरी सायकलस्वारापुरती सत्ता काट्याचीच चालते. त्यांतही बाभळीचा काटा हा जुना, खानदानी. तो रीतसर घुसतो, हवा जाताना आवाज होऊ देतो, आणि आपण केलेल्या कृत्याची जबाबदारी जागीच स्वीकारतो. गोखरू मात्र कारस्थानी. तो टायरमध्ये मुक्काम करतो, रात्रभर सबुरी धरतो, आणि दुसऱ्या दिवशी सायकल घरात भिंतीला टेकलेली असताना आपला कार्यभाग साधतो. यावर तोड म्हणून विद्वानांनी ट्यूबविरहित टायर काढला आहे. त्याच्या पोटात पांढरा चीक ओततात. काटा घुसला की चीक त्या छिद्राकडे धाव घेतो आणि तेथेच गोठून वाट बुजवतो. युक्ती निःसंशय उत्तम आहे. अडचण इतकीच, की हा चीक पातळ राहण्यास जी शीतलता आवश्यक असते ती आमच्याकडे वैशाखात उपलब्ध नसते. ज्या जिल्ह्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, त्या जिल्ह्यात तो चीक काट्याची प्रतीक्षा करण्याच्या भानगडीत न पडता आधीच वाळून जातो. मी हे टायर मिस्त्रीला दाखवले तेव्हा त्याने चाक फिरवले, टायर दोन ठिकाणी दाबला, पाण्याने भरलेले आपले घमेले पायाने बाजूला सारले, आणि विचारले, "टायरमंदी ट्यूबच नाही, तं पंक्चर कायचं काढू, काकाजी?"

हा मिस्त्री बाजाराच्या वाटेवर कडुलिंबाच्या सावलीत बसतो. त्याची मालमत्ता म्हणजे एक पंप, काही पाने, कानस, सोल्युशनची नळी, छर्ऱ्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा, आणि हवेचा दाब अंगठ्याने जोखण्याची विद्या. त्याचा अंगठा आणि माझे विलायती दाबमापक यांच्यात मतभेद झाला की मी दाबमापकाची बॅटरी बदलतो. सायकल आणून उभी केली की तो तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि तोंडी शेरा मारतो. त्या शेऱ्यावर अपील नाही.

व्हॉल्वच्या बाबतीत तर त्याने मला चांगलेच अडचणीत आणले. आपल्या काळ्या, उंच, डबलसीटला सरावलेल्या सायकलीच्या व्हॉल्वमध्ये एक इवलीशी रबरी नळी असते, जिला आम्ही वालट्यूब म्हणतो. ती चणेफुटाण्याच्या भावात मिळते आणि बोटभर कातरून चढवणे शाळकरी पोरालाही साधते. मोटारीच्या धर्तीचा जाड व्हॉल्व हा दुसरा प्रकार; त्याचेही निभते, कारण मोटारसायकलींमुळे त्याची गावाशी ओळख झालेली आहे. तिसरा प्रेस्टा नावाचा फ्रेंच. हा देहाने कृश, स्वभावाने मानी. त्याच्या शिरावरील बारीक चक्री आधी पिळून सैल केल्याविना तो हवेचा स्वीकार करीत नाही, आणि मिस्त्रीच्या पंपाशी त्याचे राजनैतिक संबंध नाहीत. उभयतांत बोलणी व्हावी म्हणून पितळेची एक नखाएवढी टोपी मध्यस्थ घालावी लागते. ती मी घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात बाळगतो. घराची किल्ली हरवली तर कुलूप फोडता येते; ती टोपी नागपूरलाही सर्वत्र मिळत नाही.

शॉकअपविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. पुढच्या चिमट्यात असावा, मागे नसावा. बाजारात लालपिवळ्या रंगाच्या ज्या सायकलींना पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असतात त्यांच्यावर बसलेला मुलगा पायडल मारतो तेव्हा त्याची निम्मी शक्ती त्याला वरखाली करण्यात खर्च होते, आणि उरलेली निम्मी त्या सायकलीचे वजन ओढण्यात. काळ्या मातीचा पावसाळी चिखल चाक आणि चिमटा यांच्यामध्ये एकदा बसला म्हणजे तर कोणताच शॉकअप कामाचा नाही. मग स्वाराने खाली उतरावे, सायकल खांद्यावर घ्यावी, आणि वाहन कोण व वाहक कोण याविषयी वावरातल्या माणसांनी केलेल्या पृच्छा ऐकू न आल्याचे दाखवावे.

माझ्या सिद्धान्ताला मी एकच अपवाद मंजूर केला आहे, तो ब्रेकचा. माझ्या सायकलीचे डिस्क-ब्रेक तेलावर चालतात, आणि त्या तेलातही दोन पंथ आहेत: काही ब्रेकांना खनिज तेल लागते, काहींना मोटारीत घालतात त्या जातीचे, आणि एका पंथाचे तेल दुसऱ्या पंथाच्या ब्रेकमध्ये गेले की आतली रबरे नासतात. मिस्त्रीने याबाबत "हे आपलं काम नाही" असा स्वच्छ शेरा दिलेला आहे. तरीही मी ते ठेवले, याची कैफियत अशी की, उतारावर खाली येताना तत्त्वनिष्ठेपेक्षा थांबता येणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

थांबता येणे हा या छंदाचा आद्य प्रश्नच आहे. कॅलिफोर्नियातील मॅरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाशेजारच्या एका डोंगरी उतारावर, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही लांब केसांच्या तरुणांनी सायकली सोडण्याची शर्यत लावली, आणि डोंगरी सायकलींच्या शर्यतींचा इतिहास सामान्यतः तेथून मोजतात. त्यांच्या सायकली होत्या कशा? वर्तमानपत्रे वाटणाऱ्या पोरांसाठी तीस-चाळीस वर्षांपूर्वी बनवलेल्या, जाड टायरांच्या, बोजड, कुठल्या तरी पडवीतून वा भंगारातून उचललेल्या. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात. पायडल उलटे मारले की लागणारा. त्या उतारावर तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा अक्षरशः धूर होई, आणि खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून ग्रीस पुन्हा भरल्याखेरीज सायकल वर नेण्यात अर्थ नसे. त्या ग्रीस भरण्यावरूनच त्या उताराला आणि शर्यतीला 'रिपॅक' हे नाव पडले. म्हणजे पाहा, ज्या विद्येसाठी आज लाख-लाख रुपयांच्या सायकली विकतात ती विद्या भंगारात जन्मली, आणि तिचे आद्य आचार्य, जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली प्रभृती, हे हात काळे करणारे लोक होते. कडुलिंबाखालच्या बैठकीत ते सहज सामावले असते. पुढे १९८१ साली 'स्टम्पजम्पर' नावाची पहिली कारखानी डोंगरी सायकल घाऊक प्रमाणात विक्रीस आली, १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींची शर्यत दाखल झाली, आणि ग्रीसची जागा सूचिपत्रांनी घेतली.

सूचिपत्रे वाचण्याचा नाद वाईट. त्यांतून मला एवढाच व्यावहारिक बोध झाला की सायकलीची किंमत जसजशी चढते तसतशी तिच्यावरील सामग्री उतरत जाते. साध्या सायकलीला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि कुलूप ही सगळी मिळकत खरेदीखतातच लिहून मिळते. मध्यम सायकलीतून ती वगळलेली असते. आणि अत्युच्च श्रेणीच्या सायकलीसोबत पायडलसुद्धा येत नाहीत, ते ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे निराळे विकत घ्यायचे. पानठेल्यावर यासंबंधी नेहमीचा प्रश्न होतो, "केवढ्याची, भाऊ?" मी खऱ्या आकड्यातून मोठी वजावट करून उत्तर देतो, तरीही ऐकणारा कपाळाला हात लावतो. "बाप्पा! येवढ्यात तं फटफटी येते!" घरी हीच वजावट याहून मोठी करावी लागते. मात्र सौभाग्यवतींनी पूर्वायुष्यात पोस्टाच्या बचत खात्याचे पासबुक सांभाळलेले असल्यामुळे त्या आकडा मान्य करतात आणि पासबुक मागतात.

पोशाखाविषयी अधिक लिहीत नाही. बैठकीला गादी शिवलेली घट्ट चड्डी ही शास्त्रशुद्ध वस्तू असून तिची उपयुक्तता मी बसल्या जागी मान्य केली आहे. परंतु ती घालून आठवडी बाजारातून चालत जाण्यासाठी जे धैर्य लागते ते शास्त्रात सांगितलेले नाही. मी वरून पायजमा घालतो. शिरस्त्राण मात्र घालावेच, आणि ते उन्हाळ्यात दुपट्ट्यावर घालावे. दुपट्टा भिजवून बांधला म्हणजे एक तास शिर शाबूत राहते.

आता गुडघा. मागे माझा उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागला, तेव्हा मी एका मोठ्या दवाखान्यात गेलो; तेथे त्याची छायाचित्रे निघाली, त्याला झीज हे नाव मिळाले, आणि माझे वय विचारून झाल्यावर सायकल बंद करावी असा सल्ला मिळाला. परतताना वाटेत हवा भरण्यासाठी थांबलो. मिस्त्रीने मला सायकलीवर चढताना पाहिले, उतरवले, आणि काही न बोलता पाना लावून सीट दोन बोटे वर घेतली. टाच पायडलवर ठेवावी, पायडल अगदी तळाशी न्यावे, त्या वेळी पाय सरळ व्हावा, असे त्याचे माप. सीट ठेंगणी असली की सारा भार वाकलेल्या गुडघ्यावर पडतो, असे त्याचे शरीरशास्त्र. दुखणे हळूहळू ओसरले. माझा गुडघा माझ्या मालकीचा आहे याचा दाखला मला अशा रीतीने मिळाला.

शेजारचे एक गृहस्थ मला वरचेवर नागपूरच्या डॉ. अमित समर्थांचे उदाहरण देतात. समर्थांनी २०१७ साली अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने सायकलीवर पार केली, आणि पुढच्याच वर्षी मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत नऊ हजारांहून अधिक किलोमीटर सायबेरिया तुडवला. तुम्ही कोलितमाऱ्याहून परत येता ते अंथरूणच गाठता, असे त्या शेजाऱ्यांचे म्हणणे. मी नम्रपणे निदर्शनास आणतो की अमेरिकेच्या त्या शर्यतीत प्रत्येक स्वाराच्या मागे माणसे आणि मोटारी ठेवण्याचा दंडकच आहे. माझ्या मागे कुत्री असतात. मला स्वतःला १९२३ सालचे ते पारशी तरुण अधिक जवळचे वाटतात. मुंबईहून सहा जण साध्या सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, मेसोपोटेमियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका आणि अतिपूर्व पालथी घालून, ४४,००० मैलांचा हिशेब पुरा करून, १९२८ साली घरी परतले. गिअर किती, चिमट्यात हवा की तेल, हे प्रश्नच तेव्हा निघालेले नव्हते. तिघांनाही पंक्चर काढता येत होते, याविषयी मात्र मला तिळमात्र शंका नाही.

परवा पुण्याहून पुतण्या आला. त्याच्या सायकलीचा सांगाडा कार्बनचा, हँडल कार्बनचे, आणि गिअर विजेवर बदलणारे. त्यास तार नाही, कळ दाबली की साखळी आपोआप सरकते. कळ दाबूनही ती सरकेनाशी झाली तेव्हा आम्ही नवेगाव खैरीच्या अलीकडे होतो, आणि बॅटरी भारण्याचे उपकरण पुण्यात होते. ज्या गिअरमध्ये गाडी अडकली त्याच एका गिअरमध्ये तो घामाघूम होत पारशिवनीपर्यंत आला. मिस्त्रीने रिवाजाप्रमाणे प्रदक्षिणा घातली. गिअरकडे त्याने पाहिलेही नाही.

"येवढी महाग गाडी, अन् हिले घंटी नाही?"

पुतण्या काही बोलण्याच्या आत त्याने बिस्किटांच्या डब्यातून एक जुनी लोखंडी घंटी काढली आणि त्या कार्बनी हँडलवर चढवून पेचकस फिरवू लागला. "काका, त्यांना सांगा, पाच न्यूटन-मीटरच्या वर आवळायचं नाही!" पुतण्या ओरडला. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. मी "जरा हळू" असे भाषांतर केले. त्याने अर्धा फेरा उलटा घेऊन अंगठ्याने घंटी हलवून पाहिली आणि मान डोलावली. दहा रुपये झाले. पुतण्या निघाला तोच चरून परतणाऱ्या म्हशींनी रस्ता या काठापासून त्या काठापर्यंत ताब्यात घेतला, आणि त्याला नाइलाजाने ती घंटी वाजवावी लागली. एकाही म्हशीने दखल घेतली नाही.

"जोरानं वाजवा, भाऊ," मिस्त्री कडुलिंबाखालून म्हणाला, "पुण्याच्या म्हशी नाहीत ह्या."