सुधारित लक्ष्य किंमत

अंधेरीत चकाल्याच्या एखाद्या काचेच्या इमारतीत रात्री साडेदहाला दिवा दिसला, तर मनोमन हात जोडावेत. आत एक वित्तीय विश्लेषक सिमेंट कंपनीचा २०३१ सालचा नफा एक्सेलमध्ये दोन दशांशांपर्यंत काढत बसलेला असतो. खाली उतरल्यावर रिक्षा मिळेल का, हे त्याला सांगता येत नाही. तो विषय त्याच्या सेक्टरमध्ये येत नाही.

पात्रताही तशीच तोलामोलाची लागते. वाणिज्य शाखेची पदवी, जमल्यास सीएफएच्या तीन लेव्हल, शिवाय एनआयएसएम या संस्थेची विश्लेषकांसाठीची ‘सिरीज १५’ परीक्षा. बाजार नियामक सेबीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे अहवालाच्या ३० दिवस आधी आणि ५ दिवस नंतर त्यातल्या शेअरला स्वतः हात लावायचा नाही. स्वतःच्याच सल्ल्यापासून माणसाचं इतकं रक्षण करणारा कायदा विरळा!

खरी कसोटी भाषेची. ‘विका’ हा शब्द जरा असभ्य, म्हणून ‘होल्ड’. भाव पडला की ‘आकर्षक पातळी’. आणखी पडला की ‘दीर्घ मुदतीची संधी’. पतमानांकनवाले भाऊबंदही कमी नाहीत. २०१८ च्या उन्हाळ्यात आयएल अँड एफएस या वित्तीय कंपनीकडे ‘ट्रिपल ए’ होतं, सप्टेंबरात ‘डी’. मधली अक्षरं भराभर उरकली.

‘सिरीज १५’ची परीक्षा मात्र कडक. १०० पैकी ६० गुण हवेत आणि उत्तर चुकलं, तर त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण कापतात.

नोकरीत लक्ष्य किंमत चुकली, तर सुधारित लक्ष्य किंमत देतात.