शिकारीची तयारी

कॅप्टन जेम्स फोर्सिथच्या काळात सातपुड्यात सांबर मारायचं म्हणजे तंबू, बंदुका आणि वाट दाखवायला गोंड-कोरकू, एवढा पसारा लागे. या मोहिमांवरचं त्याचं पुस्तक १८७१ साली निघालं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा तो खर्च वाचवला. आता मोहीम रोह्यांसारखी जनावरंच आखतात: दिवसा टेहळणी, रात्री सौंसरचा हरभरा. शेतकरी धुऱ्यावर जागलीला, हातात टॉर्च आणि फटाके. (रोही, म्हणजे नीलगाय, शास्त्राप्रमाणे हरीण नव्हे, हरभऱ्याला हे कोणी सांगितलेलं नाही.) शेजारच्याच पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत माणसांनी माणसांवर गोटे भिरकवावेत, ती गोटमार, म्हणजे परंपरा. तोच गोटा रोह्याला लागला की वनखात्याचा पंचनामा.