सरांचा पाय

नाशिकच्या सातपुरात पोरीसाठी ड्रायव्हिंग क्लास शोधायला निघालेल्या बापाला काउंटरवर पहिलाच प्रश्न येतो, 'लायसन्ससहित, की नुसतं शिकायचंय?' नुसतं! थाळी परवडत नाही म्हणून नुसता भात मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसं त्या बापाकडे बघितलं जातं. तो घाईघाईने लायसन्ससहित सांगून मोकळा होतो. पोरीला अठरा पूर्ण झाली, आता शिकत बसायला सवड कोणाला आहे?

मग पसंती. फ्लेक्सवर लालभडक परदेशी गाडी, फ्लेक्सखाली डबा. मोटार वाहन नियम 1989 चे आहेत. त्यांत म्हटलंय की क्लासमध्ये फळा हवा, वाहतूक चिन्हांचा तक्ता हवा, गिअरबॉक्स, ब्रेकचे ड्रम, पंक्चरचं सामान, प्रथमोपचाराची पेटी हवी. गाळ्यात झेरॉक्सचं मशीन असतं. आई विचारते, 'लेडीज सर आहेत का?' बाप विचारतो, 'फायनल किती?' सरांच्या पायाबद्दल कोणी विचारत नाही.

आणि सगळा अभ्यासक्रम तर त्या पायातच असतो.

शिकवायच्या गाडीला डाव्या बाजूलाही कंट्रोल असावा, असा नियम आहे. हेतू रास्त आहे. पोरगं गांगरलं तर शेजारच्याला गाडी थांबवता यावी. पण आमच्या सरांनी पोरगं गांगरण्याची वाट कशाला बघावी? पहिल्या दिवशी बूड टेकताच त्यांचे पाय जे पेडलवर जातात, ते शेवटच्या दिवशी पेढा खायलाच खाली येतात. गुरुचरणी लीन व्हायची आपली परंपराच आहे, इथे गुरुचरण गाडी चालवतात एवढंच. पोरगी स्टिअरिंगला लोंबकळलेली, सर फोनवर, 'हां बोला शेठ, सकाळची बॅच फुल आहे', आणि खाली क्लच अर्धा सुटतोय, ब्रेक हलकेच लागतोय, पपया नर्सरीच्या चौकातून गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघतेय. घरी येऊन पोरगी सांगते, 'एकदाही बंद पडली नाही!' बापाची छाती फुगते, आजी मीठमोहऱ्या ओवाळते, चुलत्याच्या पोरालाही तोच क्लास ठरतो. अहो, गाडी पाच-पन्नास वेळा बंद पाडल्याशिवाय क्लच कुठे उचलतो हे कोणाला कळलंय? बंद न पडणं हीच तर तक्रार करायची गोष्ट होती! पण बंद पाडू दिली तर सिग्नलला वेळ जातो, वेळ गेला की पुढचं पोरगं बसस्टॉपवर ताटकळतं. नियमाने 21 दिवसांत निदान 10 तास प्रत्यक्ष गाडी चालवायला मिळायला हवी. भागाकार करा, रोजचा अर्धा तासही येत नाही. त्यातला निम्मा आधीच्याला श्रमिकनगरला सोडण्यात आणि उरलेला सीएनजीच्या रांगेत. रांगेत मात्र खरं शिक्षण होतं, कारण तिथे सरांना डुलकी लागते.

बरं, पोरगी काही रस्त्यावर नवखी नाही. नववीपासून स्कूटीवर ट्रिपल सीट फिरतेय. सोळाव्या वर्षी बिनागिअरची, तीही 50 सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येते, हे त्या घरात कोणाला ठाऊक नाही, आणि तसली स्कूटी दारात नाहीच. पोर अज्ञान असेल तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण बाप म्हणतो, 'इथल्या इथे तर जाते.' इथल्या इथे! म्हणजे त्र्यंबक रोडवर, शिफ्ट सुटायच्या वेळी, कंपन्यांच्या बस आणि मागे हातभर सळया काढलेले टेम्पो यांच्यामधून. माझी सहनशक्ती इथे संपते. कारण याच रस्त्यावर छपरावर 'एल' लावलेली गाडी मी उलट्या बाजूने येताना बघितलीय आणि आतले सर पोराला सांगत होते, 'कडेकडेने घे, लांबचा फेरा कशाला?' हा धडा मात्र पोरं एका फटक्यात शिकतात. फी घेऊन राँग साइड शिकवणारी ही जगातली एकमेव विद्याशाखा असावी, आणि तिला पदवीधरांची टंचाई कधी पडत नाही.

असो. लायसन्स पोस्टाने घरी येतं. पहिल्या रविवारी घरची गाडी निघते, पोरगी उजवीकडे, बाप डावीकडे. आयटीआय सिग्नल हिरवा होतो, गाडी आचका देऊन बंद. परत चालू, परत बंद. मागून बसचा हॉर्न, पिकअपचा हॉर्न, रिक्षावाल्याचे सुविचार. बाप दोन्ही पायांनी मॅट दाबतोय. शेवटी तो ओरडतो, 'एवढे पैसे मोजले, शिकवलं काय गं तुला त्यांनी?'

'पप्पा, सर बसले की चालते ना ही.'