ज्येष्ठ नातलगासाठी हिवाळी आपत्संच: सिद्धता व नियम

गाडी वाटेत बंद पडल्यास मदत येईपर्यंत प्रवाशाचा जीव आणि धीर टिकवून धरणाऱ्या वस्तूंच्या गाठोड्यास आपत्संच म्हणतात. या व्याख्येत स्वतःची गाडी आणि तिच्याखाली रस्ता या दोन गोष्टी गृहीत असल्याने, राज्याच्या पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र असूनही मतदान यंत्रे बार्जमधून उतरवून घेणाऱ्या, अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली गावास ती लावताना थोडी दुरुस्ती करावी लागते. येथील ज्येष्ठाची 'गाडी' म्हणजे आधी बार्ज, अर्थात सरदार सरोवराच्या पाण्यावर चालणारी इंजिनाची बोट, आणि पुढे भाड्याची जीप, जी आसनसंख्या ही निव्वळ सूचना मानते. सबब संच डिकीत ठेवण्याजोगा नव्हे, तर खांद्यावर पेलण्याजोगा असावा.

पहिला नियम वजनाचा. संचाचा निर्माता बहुधा शहरात नोकरीस असलेला पुतण्या असतो आणि तो टायरचा पंप, जंपर केबल (एका गाडीच्या बॅटरीवर दुसरी चालू करण्याची तार) व औषधांच्या दुकानातील निम्मा माल एका कडक प्लास्टिकच्या पेटीत भरून कुणाच्या तरी हाती पाठवतो. सरोवर भरले की पाणी 138.68 मीटरपर्यंत चढते, मात्र हिवाळ्यात ते ओसरू लागते, आणि बोट लागते तेथून घट्ट जमिनीपर्यंत गाळाची चढण उरते. पेटी पाठवण्यापूर्वी पुतण्याने ती स्वतः डोक्यावर घेऊन ही चढण चढावी. पंप आणि केबल ही ड्रायव्हरची काळजी आहे. म्हाताऱ्याला काठी द्यावी.

दुसरा नियम उबेचा, आणि खरा नियम हाच. याच तालुक्यातील डाब येथे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, तर सरोवराकाठी दुपारी सदराही नकोसा होतो. परिणामी दुपारच्या कपड्यांत निघालेला ज्येष्ठ जीपच्या वाटेवरील देवगोई घाटात रात्रीच्या थंडीत सापडतो. उतारवयात थंडीची जाणीव बोथट होते व अंगाची थरथरही कमी होते, म्हणून "मला कुठं थंडी वाजते" हे विधान पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये. सदऱ्याखाली हात घालून पोट चाचपावे. तेही गार लागले किंवा बोलणे अडखळू लागले, तर ओले कपडे आधी उतरवावेत, मग कोरडी घोंगडी गुंडाळावी, कानटोपी घालावी आणि दवाखाना गाठावा. घोंगडी व पायमोजे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले असावेत. मोहाच्या दारूने ऊब येते हा समज जुना असला, तरी तिने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. हा नियम ज्येष्ठांस वाचून दाखवण्याचे धाडस ज्याचे त्याने करावे.

खाण्यास गूळ-शेंगदाणे. चालू गोळ्या दोन दिवस पुरतील इतक्या.

बंद काचांच्या उभ्या गाडीत ऊब यावी म्हणून इंजिन चालू ठेवू नये, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासावरून ओळखता येत नाही. अर्थात जीपच्या खिडक्यांना काचाच नसतील, तर हे कलम आपोआप रद्द समजावे.

मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, कारण गारठ्याने त्याची बॅटरी लवकर उतरते, आणि जेथे रेंज नाही तेथे तो सरळ बंद करावा, कारण रेंज शोधण्यातच तो दमतो. रुग्णवाहिकेचा 108 आणि घरच्यांचे क्रमांक कागदावरही लिहून द्यावेत. टॉर्चमधील एक सेल उलटा घालून ठेवल्यास चुकून बटण दाबले गेले तरी सेल संपत नाहीत. ते रेडिओत गेल्यास मात्र शास्त्राकडे उपाय नाही.

शेवटचे कलम वाटपाविषयी आहे. वरील सर्व नियम पाळून बांधलेला संचही संकट येण्यापूर्वीच रिकामा होतो, कारण घोंगडी तान्ह्या मुलाच्या आईकडे, गूळ पोरांकडे आणि टॉर्च ड्रायव्हरकडे जातो, व ज्येष्ठ काठीला टेकून समाधानाने कुडकुडत बसतो. यावर पुतण्याने फोनवर रागावून काही साधत नाही. घोंगड्या दोन बांधाव्यात, आणि दुसरी आहे हे जीप सुटेपर्यंत ज्येष्ठास कळू देऊ नये.