चालायला या, गाडी घेऊन या

मुंबईत चालणाऱ्या माणसाला एकदम एवढी जागा मिळाली, की त्याला आधी संशयच येतो. वडापावची गाडी, आडवी लावलेली स्कूटर आणि कोणीतरी कधीतरी खणून ठेवलेला ढिगारा यांतून उरलेल्या वीतभर फुटपाथवर आपण जन्मभर तिरके चालत आलो. आता प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीपर्यंत सव्वापाच किलोमीटर सरळ चालायचं म्हणजे पाय बावचळणारच. कोस्टल रोडलगतचं हे ‘विहार क्षेत्र’ (सरकारदरबारी माणूस फिरत नाही, विहार करतो) ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांना खुलं झालं. तेही चोवीस तास. रात्री अडीच वाजता विहाराची लहर आली तरी कोणी अडवणार नाही.

फक्त तिथे पोहोचायचं तेवढं बघा.

ब्रीच कँडीला पूर्वी इमारत संपली की समुद्र सुरू व्हायचा. मग १११ हेक्टर भराव घातला, समुद्राला ‘जरा मागे सरका’ म्हटलं आणि मोकळ्या झालेल्या जागेवरून आठ पदरी रस्ता नेला. ज्यांनी ‘सी फेसिंग’चे पैसे मोजले होते, त्यांच्या खिडकीसमोर आता आधी गाड्या येतात आणि मग लाटा. समुद्राला मागे ढकलायची खोड इथली जुनीच. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीने वरळीची खाडी बुजवणारा बांध घातला, तोसुद्धा म्हणे कंपनी सरकारचा नकार डावलून. फरक एवढाच, की त्या बांधावरून माणसं चालत पलीकडे जाऊ शकत होती. आज रस्ता पायी ओलांडायची सोय नाही. पादचाऱ्याने जमिनीखाली जायचं, सबवेतून पलीकडे निघायचं. सगळा मिळून साडेदहा किलोमीटरचा रस्ता आणि विहार क्षेत्रासोबत खुले झालेले सबवे मोजायला एका हाताची बोटं बस्स. त्यामुळे समोर समुद्र दिसतो, वारा तोंडावर येतो, लाटांचा आवाजसुद्धा येतो आणि आपण मात्र पाटी शोधत उलट्या दिशेने चालत असतो. महालक्ष्मी स्टेशनवरून हाजी अलीला चालत आलेल्या माणसाचा व्यायाम विहार सुरू होण्याआधीच आटोपलेला असतो.

बरं, विहार करत करत थेट मरीन ड्राइव्हला जावं म्हणाल, तर प्रियदर्शिनी पार्कला खेळ खलास. तिथून पुढे मलबार हिल आडवी येते. गाड्यांसाठी तिच्या पोटातून दोन किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे काढलेत. ते खणणाऱ्या अगडबंब यंत्राचं नाव ‘मावळा’. आमच्या समजुतीप्रमाणे मावळा पायी चालायचा. या मावळ्याने मोटारींची सोय केली. चालणाऱ्याने काय करायचं? पूर्वीच्या मावळ्यांसारखं, डोंगर चढून उतरायचं.

दगाफटका कोणी केला असं मात्र म्हणता येणार नाही. मूळ आराखड्यातच सुमारे अठराशे गाड्यांच्या भूमिगत पार्किंगचा विचार होता. म्हणजे नियोजनकर्त्यांना फिरायला येणारा नागरिक नेमका ठाऊक होता: तो सकाळी सहाला गाडीत बसतो, गाडी लावायला जागा शोधतो, चार किलोमीटर झपाझप चालतो, घड्याळात पावलं मोजतो आणि पुन्हा गाडीत बसून लिफ्टने घरी जातो. खरी भानगड बसमधून उतरून येणाऱ्यांची. दोन पोरं, पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा आणि गुडघे धरलेली आजी असा लवाजमा घेऊन आलेल्या कुटुंबाचा आराखड्यात रकानाच नसावा.

वरळीच्या कोळ्यांना हा अनुभव आधीच आलाय. कोस्टल रोडच्या समुद्रातल्या पुलाच्या दोन खांबांमधून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून ते २०० मीटर अंतर मागत होते. कागदावर होतं ६०. बरीच वर्षं भांडून १२० मिळालं. समुद्रातल्या पादचाऱ्याची ही गत, मग जमिनीवरच्याने सबवेसाठी किती कुरकुरायचं!

एकदा वर आलात की मात्र बोलायची सोय नाही. मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरचा, हा त्याहून लांब आणि ऐसपैस. भरतीचं पाणी खालच्या दगडांवर फुटून चष्म्यावर शिंतोडे उडवतं. पाठीमागून गाड्या एवढ्या सुसाट जातात, की बायको काय म्हणाली ते ऐकू न आल्याचं खरंखुरं कारण सांगता येतं. सावलीचं विचारू नका. रोपं लावलीत, नातवंडं बसतील. दुपारी भर उन्हात एक गृहस्थ डोक्यावर वर्तमानपत्र धरून चालले होते. छापील वर्तमानपत्राचं भवितव्य अजून उज्ज्वल आहे, याची खात्री पटली.

शेवटी तहान लागली. आसपास ना चहावाला, ना चणेवाला. शिट्टी गळ्यात अडकवलेला सुरक्षारक्षक तेवढा दिसला.

“दादा, बाहेर पडायचं कुठून?”

“सरळ जा काका, पुढचा सबवे.”

“लांब आहे?”

“छे! गाडीने दोन मिनिटं.”