टिकलीबाई, एकदा कोल्हापूरलाही या

श्री

तीर्थस्वरूप लाल टिकलीबाई यांचे सेवेशी,

कोल्हापूरहून एका निवृत्त चित्रकला शिक्षकाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

मायना लिहितानाच पंचाईत झाली. तुमच्या नावामागे सौ. लावावं, कु. लावावं की नुसतं श्रीमती, हे विचारावं असं तुम्हांला जवळून ओळखणारं कोणी आमच्याकडे नाही. एवढंच ठाऊक आहे की प्रदर्शनात ज्या चित्राच्या लेबलाशेजारी तुम्ही बसता ते विकलं गेलं असं समजायचं, आणि शेजारच्या भिंतीवाल्या चित्रकाराने घसा खाकरून "वा, अभिनंदन!" म्हणायचं. पस्तीस वर्षांत मी हे "वा, अभिनंदन!" पुष्कळदा म्हटलं आहे. ऐकायची वेळ दोनदा आली. पहिल्यांदा चित्र घेणारे गृहस्थ माझे साडू होते. दुसऱ्या वेळची हकीकत पुढे येईल. ती वाचून तुम्ही रागवाल, म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं लिहितो.

तुमचा मुक्काम मुंबईला असतो. काळा घोड्याजवळच्या जहांगीर कलादालनाशी तुमचा जुना घरोबा. ते १९५२ साली उघडलं. आज तिथली तारीख मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं रांगेत थांबतात, आणि काहीजण सरळ बाहेरच्या पदपथावर चित्रं मांडतात. लिलावात तर तुमचीही गरज उरत नाही म्हणे, तिथे एकदम हातोडाच पडतो. २०१५ साली मुंबईतल्या एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं चित्र २९ कोटी ३० लाखांना गेलं. ती बातमी वाचून आमच्या गल्लीतल्या एकांनी मला हटकलं, "सर, तुमचं एखादं कितीला जातंय?"

मी म्हटलं, "सहा हजार. फ्रेमसकट."

"आणि फ्रेम काढून?"

आता आमच्या कलादालनाविषयी. ते आहे, ही पहिली गोष्ट. दिवसाच्या भाड्याने मिळतं, अनामत वेगळी. आम्ही चौदाजण मिळून भाडं काढतो आणि भिंतीची वाटणी करतो. भावकीतल्या शेताच्या वाटणीतही एवढी मोजमापं होत नसतील. दाराजवळची भिंत सगळ्यांना हवी असते. आगीच्या लाल नळकांड्याशेजारची कोणालाच नको, कारण लांबून पाहणाऱ्याला त्या भिंतीवर तेवढंच दिसतं. आमच्या आधीच्या आठवड्यात तिथे साड्यांचा सेल असतो आणि नंतरच्या आठवड्यात बचत गटाचे पापड-लोणचे. त्यामुळे पहिल्या दिवशी आमच्याकडे गर्दी चांगली होते. बाया दारातून डोकावतात, सगळ्या भिंतींवरून नजर फिरवतात आणि विचारतात, "संपल्या काय?"

उद्घाटनाचं सांगतो. फीत, समई, शाल, नारळ. माझ्या घरी आजमितीस अकरा शाली आहेत. नारळ चटणीत गेले. प्रमुख पाहुणे दर वर्षी वेगळे असतात, पण सुरुवात एकच: "मला चित्रकलेतलं काही कळत नाही." हे ते नम्रपणे सांगतात आणि पुढची चाळीस मिनिटं सप्रमाण सिद्ध करतात. मग कोल्हापूर ही कलानगरी कशी, यावर गाडी येते. अबालाल रहमान कोटितीर्थाच्या काठावर राहून चित्रं कशी काढत. बाबूराव पेंटरांनी आपल्या हातांनी कॅमेरा कसा जुळवला आणि १९२० साली 'सैरंध्री' कसा काढला. दत्तोबा दळवी, चंद्रकांत मांडरे... नावं घेता घेता पाहुण्यांचा घसा सुकतो, कोणीतरी पाणी देतं, आणि भिंतीवरच्या चौदा जिवंत माणसांपर्यंत काही ते पोचत नाहीत. गेलेल्यांवर माझा राग नाही. अबालालांची लहानशी निसर्गचित्रं पाहिली की आपण ब्रश धुऊन ठेवावा असं अजून वाटतं. पण त्यांच्या पाठीशी शाहू महाराज होते, एवढं तरी भाषणात यावं की नाही? १९४९ साली आमचं संस्थान विलीन झालं. दफ्तरं गेली, खजिना गेला, सगळं रीतसर कुठल्या ना कुठल्या खात्यात जमा झालं. चित्र विकत घ्यायची महाराजांची सवय तेवढी कुठल्या खात्यात जमा झाल्याचं ऐकिवात नाही.

माझे विद्यार्थी येतात, ते मात्र मनापासून येतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मी बसवलेली पोरं आता बँकेत आहेत, बांधकामात आहेत, दोघांचे दवाखाने आहेत. "सर, तुमच्यामुळे ग्रेड मिळाली, दहावीला मार्क वाढले!" म्हणत वाकून नमस्कार करतात. मग मला आणि चित्राला एका चौकटीत घेऊन फोटो काढतात. गेल्या साली एकाने नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला बोलावलं. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर सात पांढरे घोडे पाण्यातून धावत होते, छापील, ऑनलाइन मागवलेले. "सातच पाहिजेत सर, आणि तोंड घराच्या आत," त्याने मला समजावलं. मी घोडे मोजले. सात होते. बरकतीची काळजी नव्हती.

खरं सांगतो टिकलीबाई, घरी येऊन मीही घोडे काढले. तुमच्यासाठी मी काय काय केलं त्याची यादी आता देतोच. रंकाळ्यावरचा सूर्यास्त, एकोणीस वेळा. पंचगंगेचा घाट, सकाळचा, संध्याकाळचा आणि पुराचा. चार फटकाऱ्यांतला 'मॉडर्न' गणपती, कारण कोणीतरी म्हणालं हॉटेलवाले घेतात. भवानी मंडप, त्यासमोर एक फेटेवाला म्हातारा. तो म्हातारा मी इतक्यांदा काढला की हल्ली बाजारात दिसला तर मीच आधी नमस्कार करतो. तुम्ही कशाकशाला भुलाल हा अंदाज बांधण्यात माझी निम्मी नोकरी आणि सगळी निवृत्ती गेली. पैसे मिळाले ते फ्रेमवाल्याला. आमच्या गावात चित्रकलेवर पोट भरणारा तो एकच माणूस. त्याचा मुलगा आता चारचाकी घेऊन बिल मागायला येतो.

आता ती दुसरी हकीकत. सहा-सात वर्षं झाली असतील. प्रदर्शनाचा पहिला दिवस, दुपारचे तीन, दालनात मी आणि शिपाई. स्टेशनरीच्या दुकानातून लाल ठिपक्यांचा एक कागद आणला होता. भाजीवालीसुद्धा पाटीत आधी स्वतःची दोन नाणी टाकून ठेवते, म्हटलं आपणही बोहनी करावी. एक टिकली काढली आणि कोटितीर्थाच्या एका लहान जलरंगाशेजारी डकवली. बाकीची चित्रं तुमच्याकडे बघून काढली होती हो. हे तेवढं पाऊस थांबल्यावर, तिथेच बसून, कोणासाठी म्हणून नव्हे, असंच झालं होतं. लगेच शेजारच्या भिंतीवरून आवाज आला, "वा, अभिनंदन!" कानाला बरं वाटलं.

साडेपाचला एक बाई आल्या. पुण्याच्या की बेळगावच्या ते विचारलं नाही, पण घाईत नव्हत्या. सगळी चित्रं ओळीने पाहिली, रंकाळ्यांवरून झरकन पुढे गेल्या, आणि त्या जलरंगापाशी थांबल्या. बराच वेळ. मग तुम्हांला पाहिलं.

"हे गेलं का?"

टिकलीबाई, त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघावं? "गेलं."

"असं दुसरं आहे?"

नव्हतं. त्या चुकचुकल्या, अभिप्रायाच्या वहीत काही न लिहिता निघून गेल्या. मी जिन्यापर्यंत धावलो, पण काय सांगायचं हे न सुचल्याने परत आलो. ते चित्र माझ्या खोलीत आहे, शेजारी तुमच्यासकट. सौ. म्हणते, "काढा की ती टिकली." मी काढत नाही. विकलेलं चित्र आहे ते.

अभिप्रायाच्या वहीचा विषय निघालाच आहे तर दोन ओळी. आमच्याकडे ती वही चित्रांपेक्षा जास्त पाहिली जाते. आधी कोणी काय लिहिलंय ते वाचायचं, मग त्याहून लांब लिहायचं. "अप्रतिम", "हुबेहूब", "फोटो काढल्यासारखं". एका आजोबांनी दोन पानं भरून लिहिलं आणि शेवटी दालनात स्वच्छतागृह कुठे आहे याची पाटी हवी अशी सूचना केली. अख्ख्या वहीत अंमलबजावणी झाली ती त्या एका सूचनेची.

आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते यंदाचं. यंदा मी एक म्हैस काढली. तीन फूट बाय दोन फूट, तैलरंग. म्हशीची मागणी कुठल्याच वास्तुशास्त्रात नाही, म्हणून निवांत काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी एकजण आत आले. पायांत ओल्या चपला, हातात दुधाची रिकामी किटली. गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी समोर धार काढून दूध देतात, तिथे मी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी बाकीच्या तेरा जणांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ म्हशीपुढे उभे राहिले. डावीकडून बघितलं, वाकून बघितलं. पस्तीस वर्षांत माझ्या चित्राकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. त्या पुण्या-बेळगावच्या बाई सोडल्या तर.

"कुनाची म्हस ही?"

"कुणाची नाही. मनानं काढलीय."

"तरीच. कास झाक हाय. डोळा बी बेस उतारलाय. पन शिंगं बगा की सर. पंढरपुरीची शिंगं पार खांद्याच्या मागं जात्यात. मुऱ्हाची असती तर गोल वळली असती. ही कुठली म्हनायची? बाजारात नेली तर हिला कोन घेनार न्हाई."

मी काय सांगू तुम्हांला! चाळीस मिनिटांची भाषणं ऐकली, शाली घेतल्या, पण माल का खपत नाही हे मला पहिल्यांदाच कोणीतरी शिंगासकट समजावून सांगितलं. मी रंग कुठला वापरला तेही त्यांनी विचारलं. दिवाळीत म्हशींची मिरवणूक निघते तेव्हा ते स्वतः शिंगं रंगवतात, ऑईल पेंटने. दरवर्षी पावसाने उडतो, तर काय करावं? दहा मिनिटं आम्ही दोघं व्हार्निशवर बोललो.

दुपारी मी घरून रंगपेटी आणली. शिपायाने "सर, इथे चालत नाही" म्हटलं, त्याला चहाला पाठवलं, आणि म्हैस भिंतीवरच असताना तिची शिंगं खांद्यापलीकडे नेली. एक शिंग जवळजवळ फ्रेमला टेकलं. पाठीवरचा उजेड बदलावा लागला, मग मानही थोडी. साडेसातला हात पुसले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले, किटली होतीच. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आता कशी! आता लाखाला जाईल."

"चित्र?"

"म्हस, ओ."

असो. पत्र लांबलं. इकडे पावसाळा जोरात आहे. पंचगंगा पात्राबाहेर आली की चित्रं माळ्यावर चढवावी लागतात, त्यात यंदा म्हैस चढवायची म्हणजे चार माणसं लागणार. कधी या बाजूला आलात तर घरीच उतरा, दालनात नको.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शिंगं दुरुस्त केलेला एक चित्रकार

ता. क. तुमचा तो स्टेशनरीवाला कागद गेल्या आठवड्यात सापडेना. शोधलं तर स्वयंपाकघरात. सौ.ने लोणच्याच्या बरण्यांना एकेक टिकली लावली आहे. टिकली म्हणजे तिखट, बिनटिकलीची गोड. टिकलीवाल्या सात बरण्यांपैकी पाच शेजारणींनी मागून नेल्या.