गावाला चालेल

मुंबईत वस्तू मरत नाही, ती कोकणात निवृत्त होते. फ्रिज, ट्यूबचा टीव्ही, एका पायाने अधू झालेला सोफा, नव्या सुनेच्या नजरेतून उतरलेलं लोखंडी कपाट, हे सगळं गणपतीच्या आधी टेम्पोत चढतं आणि ‘गावाला चालेल’ एवढ्या एका शेऱ्यावर श्रीवर्धन तालुक्यात उतरतं. गावाला विचारायची पद्धत नाही. गावाने फक्त जागा करायची असते.

अलीकडे या वरातीत लॅपटॉप सामील झाला आहे. दिघीत, बोर्लीत, दिवेआगरात, कुठल्याही घरात बघा. कांदिवलीचे दादा येतात, पिशवीतून काळा लॅपटॉप काढतात आणि पुतण्याला म्हणतात, “घे, तुझ्या अभ्यासाला. आय-फाइव्ह आहे.” पुतण्या पाया पडतो, लॅपटॉप उलटा करतो, स्टिकर वाचतो आणि हळूच म्हणतो, “थर्ड जनरेशन.” दादांना वाटतं, पोरगं घराण्याबद्दल बोलतंय.

पोरगं बोलत होतं ते कोअर आय-५ ३२१०एम या प्रोसेसरबद्दल. जन्म २०१२. कोर दोन, थ्रेड चार, वेग अडीच गिगाहर्ट्झ, आणि घाई झाली तर ३.१. दादांनी स्वतःसाठी घेतलेल्या नव्या डेस्कटॉपमध्ये कोअर आय-५ १२४०० आहे. जन्म २०२२. त्याचाही मूळ वेग अडीच गिगाहर्ट्झच. दादांचं गणित इथेच सुटतं. हाही आय-फाइव्ह, तोही आय-फाइव्ह. हाही अडीच, तोही अडीच. “मग फरक काय रे? उगाच कंपन्यांची नाटकं!”

फरक असा की त्या अडीचवरून काही म्हणजे काहीच कळत नाही. गिगाहर्ट्झ म्हणजे घड्याळाचे ठोके. एका ठोक्यात किती काम उरकतं ते तो आकडा सांगत नाही. जुना प्रोसेसर एका ठोक्याला साधारण चार सूचना उलगडायला घेतो, नवा सहा. जुन्याजवळ हाताशी ठेवायची कॅश ३ एमबी, नव्याजवळ १८. जुन्याचे कोर दोन, नव्याचे सहा, थ्रेड बारा. आणि मूळ वेगाचा आकडा हा निव्वळ विनय झाला. नवा पठ्ठ्या संधी मिळताच ४.४ गिगाहर्ट्झवर उडी मारतो. एकाच थ्रेडचं काम असेल तर तो दुपटीने पुढे असतो. सगळे कोर जुंपायचं काम असेल तर सात-आठपट. नाव तेच ठेवायचं आणि आतला माणूस बदलायचा, ही कला आपल्या राजकीय पक्षांच्या आधी चिप बनवणाऱ्यांना साधली होती.

त्यात ‘एम’ अक्षराची गंमत वेगळीच. एम म्हणजे मोबाइल, म्हणजे लॅपटॉपसाठीचा. २०१२ मध्ये टेबलावरच्या आय-फाइव्हला बहुधा चार कोर असत, लॅपटॉपातल्या या भावाला दोन. म्हणजे जन्मला तेव्हाच तो निम्मा होता. कारण त्याला ३५ वॅटच्या शिध्यात जगायचं होतं. नव्या डेस्कटॉपवाल्याचा नेहमीचा खुराक ६५ वॅट, आणि जोर काढताना ११७ पर्यंत. शिवाय त्याच्या डोक्यावर मोठा पंखा. लॅपटॉपातला पंखा बिस्किटाएवढा, त्यात दिघीची खारी हवा आणि धूळ. शंभर अंशांच्या आसपास तापला की लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. त्याला दुपारी झोप येते असं घरातले म्हणतात, ते शास्त्रीयदृष्ट्या फारसं चूक नाही.

इथपर्यंत दादा हरले, पुतण्या हरला आणि लॅपटॉपही हरला. आता जरा खाडीवर या.

दिघीहून आगरदांड्याला जायला जंगल जेटी, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, आहे. राजपुरीच्या खाडीला गाडीने वळसा घालायचा तर दिवस मोडतो. पूल होणार होणार असं ऐकत एक पिढी पलीकडे नोकरीला लागली. म्हणून सगळे जेटीवर. तिथे रांगेत पुढे जुनी ओम्नी असते, मागे चकचकीत फॉर्च्युनर. फॉर्च्युनरवाला इंजिन चालू ठेवून एसीत बसतो, ओम्नीवाला खाली उतरून वडापाव खातो. बोट आली की दोघे एकाच वेळी चढतात, दोघे एकाच वेळी उतरतात. फॉर्च्युनरची अश्वशक्ती अख्ख्या खाडीभर त्याच्या बॉनेटखाली पडून राहते.

दिघीत बसून संगणकावर जी कामं होतात, त्यातली बहुतेक अशी जेटीवरची आहेत. पंधरा रुपयांचा डिजिटल सहीचा सातबारा काढायचा आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आहे. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, अकरावीचा प्रवेश. पान गोल गोल फिरतं, मग ‘सर्व्हर डाऊन’ येतं. मग पान उघडतं, तेव्हा ओटीपी येत नाही. ओटीपी येतो तेव्हा मुदत संपलेली असते, कारण फोनला रेंज मिळावी म्हणून पोरगं अंगणात जाऊन उभं होतं. या संपूर्ण नाट्यात बारा थ्रेडवाला प्रोसेसर काय करतो? वाट बघतो. जुनाही वाट बघतो. फक्त नवा जास्त वेगाने वाट बघतो, एका सेकंदात कित्येक अब्ज ठोके निष्कारण मोजत.

जुन्याला कमी लेखू नका, असं म्हणायला मला एक पुणेरी पुरावा सापडला आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने आपल्याला क्रे महासंगणक देताना नाकं मुरडली, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकरांच्या चमूने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्याची ताकद साधारण एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी, आणि देशाची छाती तेव्हा रास्तपणे फुगली होती. दादांनी ‘गावाला चालेल’ म्हणून आणलेल्या त्या काळ्या लॅपटॉपची कागदावरची ताकद सुमारे चाळीस गिगाफ्लॉप होते. चाळीस ‘परम’ मांडीवर घेऊन दिघीचं पोरगं बसलंय आणि त्याला जातीच्या दाखल्याचा फॉर्म उघडता येत नाहीये.

दोष कोणाचा? निकलाउस विर्थ नावाचे स्विस प्राध्यापक १९९५ मध्येच सांगून गेले की यंत्र जितक्या झपाट्याने वेगवान होतं, त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर सुस्तावतं. तेव्हा आपल्याकडे सरकारी संकेतस्थळं नव्हती, नाहीतर त्यांनी अधिक कडक भाषा वापरली असती. आज एक साधा अर्ज उघडायला मागे हलती बातमीपट्टी, चार मंत्र्यांचे फोटो, एक फिरतं चित्र आणि ‘आपण अमुकावे अभ्यागत आहात’ असा आकडा लागतो. जुन्या प्रोसेसरचा जीव फॉर्मात जात नाही, मंत्र्यांच्या फोटोंत जातो.

आता विजेकडे वळू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन तालुक्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. आणि त्याच महिन्यात राज्यात शाळा ऑनलाइन भरू लागल्या! त्या जूनमध्ये जगातला सर्वांत वेगवान डेस्कटॉप दिघीत आणून ठेवला असता, तर त्यावर ओली चादर वाळत घालता आली असती. लॅपटॉप निदान जिथे जनरेटर आहे तिथे काखेत मारून नेता येत होता. वादळ सोडा, मृगाच्या आधीचा गडगडाट सुरू झाला की लाइट येते-जाते, येते-जाते. डेस्कटॉपला त्या प्रत्येक ‘जाते’ला मूर्च्छा येते. यूपीएस घ्या म्हणतात. म्हणजे प्रोसेसर सांभाळायला बॅटरी विकत घ्यायची, जी लॅपटॉपला जन्मजात होती.

होती, असं भूतकाळात म्हणतोय. कारण दादांच्या लॅपटॉपची बॅटरी मुंबईतच वारलेली असते. वायर काढली की लॅपटॉपही डेस्कटॉपच्या वाटेने जातो. दान देताना दादांनी नेमका एकच गुण काढून घेतलेला असतो.

बाजारातली एक जमात मात्र जुन्या प्रोसेसरला देव मानते. छापखानेवाले. कोकणातल्या कुठल्याही बाजारपेठेत लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात जा. कोपऱ्यात कळकट संगणक, त्यावर पेजमेकर ७. ही आवृत्ती २००१ ची. सोबत जुना मराठी फॉन्ट, जो नव्या यंत्रावर उघडला की ‘चि. सौ. कां.’चं काहीतरी अश्लील होतं. त्याला सांगून बघा की नवा आय-फाइव्ह सात-आठपट वेगवान आहे. तो म्हणेल, लग्नं सात-आठपट होतात का?

मग नव्याची गरजच नाही? इथे जुन्याच्या भक्तांनाही एक चिमटा काढायला हवा, कारण ‘आमचा जुना सोन्यासारखा चालतो’ म्हणणारे लोक बहुतेक वेळा त्यावर फक्त पत्ते खेळत असतात. ज्या पोराला व्हिडिओ कापायचा आहे, ऑटोकॅडमध्ये त्रिमिती आराखडा फिरवायचा आहे, प्रोग्रॅम बांधायचा आहे, त्याची बोट अडत नाही, त्याचा प्रोसेसरच अडतो. दोन कोरांवर तो व्हिडिओ निर्यातीला लावेल आणि हरिहरेश्वरला जाऊन येईल, तरी पट्टी अर्ध्यावर असेल. तिथे सात-आठपट म्हणजे खरंच सात-आठपट असतं.

आणि ही पोरं आता काल्पनिक राहिलेली नाहीत. दिघी बंदर २०२१ च्या फेब्रुवारीत अदानींनी ७०५ कोटींना घेतलं आणि पुढे दहा हजार कोटींहून अधिक गुंतवणुकीची घोषणा केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने देशातल्या बारा औद्योगिक स्मार्ट शहरांत दिघीचं नाव घातलं. सहा हजार एकरांहून मोठी जागा. (ती जागा दिघी गावात नाही, आत माणगावकडे आहे. पण नावात आय-फाइव्ह असलं की आत काय आहे ते कोण बघतं.) बंदरात, गोदामात, सर्वेक्षणात ज्या नोकऱ्या निघतील, त्यांची जाहिरात इंग्रजीत येईल आणि अटीत दोन-तीन सॉफ्टवेअरांची नावं असतील. ती सॉफ्टवेअरं शिकायला पोराच्या हातात काय? तर कांदिवलीहून निवृत्त होऊन आलेले दोन कोर. मग भरती बाहेरून झाली की आपण म्हणायचं, भूमिपुत्रांवर अन्याय झाला. झालाच. पण त्यातला थोडा आपणच टेम्पोने आणला होता.

आता तर लाट येणार आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव मुदत सोडली तर. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा म्हणजे साधारण २०१७ च्या पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे धडधाकट लॅपटॉप एका तारखेने म्हातारे ठरवले गेले; काल चालत होते, आज धोकादायक आहेत. मुंबईतली ऑफिसं ते काढणार, लॅमिंग्टन रोड ते घेणार, दादा ते स्वस्तात उचलणार आणि गणपतीला आणणार. पुतण्या विचारणार, “दादा, यात अकरा चालेल?” दादा म्हणणार, “अकरा काय, चोवीस तास चालेल!”

आणायचाच असेल तर आणा, फेकण्यापेक्षा बरं. पण तीन गोष्टी करून आणा. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. इतक्या जुन्या प्रोसेसरला याहून मोठं टॉनिक नाही, निम्म्याहून अधिक ‘स्लो’पणाचं पाप त्या डिस्कचं असतं, प्रोसेसरचं नसतं. रॅम आठ जीबी करा. लिनक्स टाका, पोरांना ते दोन दिवसांत येतं, भीती फक्त तुम्हाला वाटते. आणि पोरगं व्हिडिओचं किंवा आराखड्यांचं काम शिकतंय असं कळलं, तर कृपा करून नवा डेस्कटॉप त्याला द्या आणि जुना तुम्ही ठेवा. तुम्हाला व्हॉट्सअॅप मोठ्या पडद्यावर बघायला तो पुरून उरेल.

हो, आणि चार्जर मूळचा द्या. रबरबँड लावून पिन एका विशिष्ट कोनात धरावी लागते तो नको.